भिंतीवरचा डावा हात

मामा, कावळा लगेच शिवला.

शिवना नदीच्या काठावर पिंड मांडून माणसं मागं सरली न सरली तोच तो झाडावरून उतरला, भातात चोच घातली आणि निघूनही गेला. सगळ्यांनी हात जोडले. तुमचे चुलतभाऊ म्हणाले, "समाधानानं गेला गडी. काय बी मागं ऱ्हायलं नाय त्याचं." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी मात्र त्या कावळ्याकडं बघत राहिले, कारण मला त्याचाच संशय आला. लासूर स्टेशनच्या बाजारावर पोसलेला कावळा तो. त्याला गेलेल्या माणसाच्या इच्छेशी काय देणंघेणं? आणि तुमचं खरंच काही मागं राहिलं नव्हतं, तर आपलं भांडण कुठं गेलं? ते तर अर्ध्यावरच होतं.

मी संशयी आहे हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. भाजीवाल्यानं वर चार मिरच्या फुकट टाकल्या, तर ह्याच्या गवारीत काहीतरी खोट असणार असं मला वाटतं आणि घरी येऊन मी गवार पुन्हा निवडते. तुम्ही व्हरांड्यात पेपर वाचता वाचता म्हणायचात, "शीतल, तू पोलिसात जायला पायजे व्हतीस. चोर आपणहून कबूल झाले असते." सासरा सुनेची अशी थट्टा करतो म्हणजे त्याच्या मनात काय असेल, याचाही मला सुरुवातीला संशयच होता. माहेरून निघताना मला बजावलं होतं, सासऱ्यांना 'मामा' म्हणायचं, समोर डोक्यावर पदर, बोलणं कामापुरतं. थट्टेला काय उत्तर द्यायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तर तुम्ही थट्टाही केली नाहीत. माप ओलांडून मी शहरातल्या घरात पाऊल टाकलं. सासूबाईंनी कुंकवाच्या पाण्याचं ताट पुढं धरलं, नव्या सुनेनं दारामागच्या भिंतीवर हाताचा पंजा उमटवायचा म्हणून. मी जन्माची डावखुरी. हात बुडवला आणि भिंतीवर थापला. मागून कुणीतरी ओरडलं, "अगं बाई, डावा!" मग घाईघाईनं उजवा हात बुडवून घेतला. ताटातलं पाणी तोवर पातळ झालं होतं, म्हणून उजवा पंजा फिकट उमटला आणि डावा लालभडक. तुम्ही दाराच्या चौकटीपाशी उभे होतात. भिंतीकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत आणि बाहेर गेलात. त्या दिवसापासून मी मनात पक्कं केलं, ह्या माणसाला माझा डावा हात खटकतो.

पुढं घर रंगवलं तरी दारामागची तेवढी भिंत तशीच राहिली. दिवाळी आली, पाहुणे आले, पुन्हा रंगारी आले, पण त्या दोन पंजांना कुणी हात लावला नाही. पुरावा जपून ठेवलाय, असं मला वाटायचं. कधीतरी काढून दाखवतील.

तुम्हाला वेरूळची जत्रा आठवते का? शिवरात्रीला घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन आपण तिघं बाहेर आलो आणि तुमच्या मुलानं मला फुगेवाल्याच्या बंदुकीपाशी उभं केलं, गंमत म्हणून. असल्या बंदुकीची नळी मुद्दाम वाकडी ठेवतात, असा माझा लहानपणापासूनचा संशय. म्हणून पहिला छर्रा मी फुग्यावर मारलाच नाही. रिकाम्या फळीवर मारला, कुठं जाऊन लागतो ते बघायला. लागला तो डावीकडं खाली. मग तेवढंच उलट्या बाजूला धरून मारत गेले. ओळच्या ओळ फुटली. फुगेवाला म्हणाला, "बस करा वहिनी, दुसऱ्यांना राहू द्या." मी वळून बघितलं तर तुम्ही मागं हात बांधून उभे. पदर सारखा करायला गेले आणि डाव्या खांद्यावरची बंदूक फुगेवाल्याच्या पायावर पडली. परतीच्या वाटेवर तुम्ही आमच्या पुढं झपझप चालत राहिलात. आता सासूबाईंच्या कानावर जाणार आणि माझी धडगत नाही, असं धरून चालले मी.

सकाळी चहा पिताना तुम्ही म्हणालात, "फुगे कुणी बी फोडतं. पैला छर्रा फळीवर कशापायी मारलास?"

मी म्हटलं, "नळी वाकडी असेल असं वाटलं."

"उद्यापासून माझ्यासंगं रेंजवर यायचं."

गावच्या शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर तुम्ही शहरात नेमबाजीच्या रेंजवर मुलांना एअर रायफल शिकवायला जायचात, हे मला माहीत होतं. पण सुनेला कशाला न्यायचं? वाळूजच्या कंपनीतली नोकरी, घर, सणवार, ह्यात हे काय नवीन? मी रात्रभर विचार करून कारण शोधून काढलं. हे मला उजव्या हाताकडं वळवायचं कारस्थान आहे. घरात सांगून ऐकत नाही, म्हणून बंदूक हातात देऊन वळवणार. रेंजवर पोहोचले तर माझा संशय खराच निघाला, कारण तिथल्या सगळ्या बंदुका उजव्या हाताच्या होत्या.

पण तुम्ही मला उजव्यानं धरायला लावलं नाहीत. दोन्ही हातांच्या बोटांचा त्रिकोण करून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलंत. मग एकेक डोळा मिटायला लावलात. डावा मिटला की घड्याळ त्रिकोणातून गायब. "डोळा बी डावाच," तुम्ही म्हणालात. "देवानं तुला अख्खीच डावी केलीय. आता डाव्यानंच मारायचं." म्हणालात आणि हसलात. मला ते हसणं काही खरं वाटलं नाही.

खरं कसं वाटावं? घरी जेवायला बसलं की हेच मामा म्हणायचे, "शीतल, उजव्यानं वाढ गं." सकाळी रेंजवर डावा, दुपारी पंगतीत उजवा. एकदा न राहवून मी विचारलंच, तुमचं नक्की म्हणणं काय? तुम्ही इकडं तिकडं बघून हळूच म्हणालात, "घरात तुझी सासू हाय. तिला मी भेतो. रेंजवर कागदाचं टार्गेट हाय, त्याला कशाला भिऊ?"

आणि ती फूटपट्टी. बाकीच्यांचं कोपर चुकलं की तुम्ही हातानं सरकवायचात, खांदा धरून वळवायचात, हनुवटी वर करायचात. माझ्यापाशी आलात की खिशातून लाकडी फूटपट्टी काढायचात आणि टोकानं दाखवायचात, "कोपर इथं. मनगट सरळ." पट्टीसुद्धा हाताला टेकू द्यायची नाही, अंतरावरच धरायची. मी मनातल्या मनात जळायचे. एवढा विटाळ वाटतो का माझ्या डाव्या हाताचा? मग शिकवता कशाला?

सगळ्यात मोठा संशय मात्र कुंद्याचा. बाकी सगळे स्टॉक म्हणायचे, तुम्ही कुंदाच म्हणायचात. बंदुकीचं हे लाकडी अंग खांद्याला टेकतं, गालाला लागतं, मुठीत बसतं. नळी कुणाचीही चालते, कुंदा ज्याचा त्याला लागतो, हे तुमचंच वाक्य. आणि मला तुम्ही दिला होतात उजव्या माणसाचा. डाव्या खांद्यावर घेतला की गाल टेकवायची उंच जागा पलीकडच्या बाजूला जायची आणि माझ्या गालाच्या हाडाला कड टोचायची. अंगठ्यासाठी कोरलेली खाच माझ्या बोटांखाली यायची. छर्रा भरायचा दांडा उजवीकडं, म्हणजे दर वेळी हात ओलांडून जायचं आणि नेम धरलेलं अंग मोडायचं. मी जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळून काम भागवायचे. "मामा, डावखुऱ्यांचा कुंदा मिळत नाही का हो?" असं विचारलं की तुमचं एकच उत्तर, "मिळत नाय गं. बघतो की. लई घाई करतीस तू."

मागच्या वर्षीच्या निवड चाचणीत मी थोडक्यात राहिले. शेवटच्या फेरीत गाल सुजला होता, डोळ्यातून पाणी येत होतं. बाहेर आल्यावर मी तुम्हाला म्हटलं ते तुमच्या लक्षात असेलच. क्रांती चौकाच्या सिग्नलला स्कूटर थांबली होती. तुम्ही पुढं, मी मागं, मध्ये बंदुकीची पेटी. मी म्हटलं, "तुम्हाला मला डाव्यानं मारू द्यायचंच नाही. कंटाळून मी उजव्यावर जावं म्हणून तुम्ही कुंदा आणत नाही." तुम्ही मान वळवली नाहीत. म्हणालात, "तसं वाटतंय तुला?"

"हो."

"वाटू दे मग." सिग्नल हिरवा झाला.

ते आपलं भांडण, मामा. त्यानंतर आपण बोलत होतो, पण त्यावर बोललो नाही. तुम्ही दर गुरुवारी लासूरला जायला लागलात. म्हणे शेतावर काम आहे. शेत तर बटईनं दिलेलं, तुम्हाला कसलं काम? संध्याकाळी परत आलात की तुमच्या सदऱ्याला पॉलिशचा वास यायचा. माझं डोकं लगेच कामाला लागलं. तिकडं कुणी नवीन मुलगी शिकवत असणार, उजव्या हाताची, सरळ. तिच्यासाठी बंदूक घासूनपुसून ठेवत असणार. मी सासूबाईंना आडून विचारलं, "गव्हाला पॉलिश करतात का हो हल्ली?" त्या भाजी चिरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मला काय इचारतीस? त्येंनाच इचार." त्यांनी वर का बघितलं नाही, ह्याचाही मी संशय धरला.

तुम्ही गेलात त्या सकाळी सासूबाई चहा टाकायला आत वळल्या आणि कप घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. खुर्ची, पेपर, चष्मा, सगळं जागच्या जागी. तुम्हाला खाली निजवलं, हात छातीवर ठेवले, तेव्हा मी पायांशी बसले होते. रडत होते, खोटं नाही सांगत. पण रडतानाही माझं लक्ष तुमच्या उजव्या अंगठ्याकडं गेलं. त्याच्या पोटाला ताजा फोड आला होता. निवृत्त मास्तराच्या अंगठ्याला फोड कशाचा? विचारायचं होतं, आणि विचारायला तुम्हीच नव्हतात. इतकी वर्षं मी तुमच्यावर संशय घेतला तो तुम्ही समोर होतात म्हणून. मनातल्या मनात भांडायला माणूस जिवंत लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दशक्रियेला रशीदभाई आले होते, रेंजवरच्या बंदुका दुरुस्त करणारे तुमचे दोस्त. नदीवरून घराकडं चालताना त्यांनी सांत्वन करायला म्हणून तोंड उघडलं आणि माझ्या छातीत छर्रा मारला.

"मास्टर साब आपकी बहुत फिकर करते थे बेटा. पिछले साल लेफ्टी का कुंदा आया था ना, एकदम तय्यार. मैं बोला, बहू को दे दो. नक्को बोले. वापस भिजवा दिये."

"परत पाठवला?"

"हौ. बड़ा है बोले. उसके हाथ का नहीं है."

मामा, मी तुम्हाला पिंडाच्या भातासकट शिव्या दिल्या. मनात, पण दिल्या. मागचं वर्ष म्हणजे माझ्या सुजलेल्या गालाचं वर्ष. तयार कुंदा शहरात येऊन गेला आणि तुम्ही मला सांगितलंही नाहीत! मोठा तर मोठा, घासून घेतला असता, ओढणी गुंडाळली असती. म्हणजे माझा संशय बरोबर होता. कावळा उगाच नाही लगेच शिवला, तुमच्या मनासारखंच तर झालं होतं सगळं.

गावच्या घरामागं चुलवणावर पंगतीचा भात शिजत होता. सासूबाई सरपणाच्या ढिगापाशी बसून लाकडं पुढं सरकवत होत्या. मी रागातच जाऊन एक लाकूड ओढलं, चुलीत घालायला. हातात आलं ते सरपण नव्हतं. मुठीएवढा तुकडा, एका बाजूला अंगठ्याची खाच, दुसऱ्या बाजूला बोटांसाठी घळ. माझा डावा हात आपोआप त्यावर बसला. थोडा सैल, पण बसला. उजवा बसेना. ढीग उपसला तर तसेच आणखी निघाले, कुठं खाच खोल, कुठं घळ उथळ, एक तर मधोमध चिरलेला. सगळे बंदुकीच्या मुठीचे तुकडे, आणि सगळे डावे.

"ती बिघडल्याली हायेत," सासूबाई म्हणाल्या. "चांगला तिकडं माळ्यावर ठिवलाय. त्येंच्या धोतरात गुंडाळून."

"हे काय आहे?"

"तुझा कुंदा. सुताराकडून सागाची फळी कापून आनली आन् दर गुरवारी इथं कानस घासत बसायचे. मला म्हनले, सांगू नको तिला. झाला की एकदमच देऊ. आन् तू मला गव्हाचं पॉलिश इचारत व्हतीस!"

"पण माझ्या हाताचं माप? ते कुठून घेतलं?"

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखं. "भिंतीवरून. तू कामावर गेलीस की दारामागं स्टूल घिऊन बसायचे, तुझ्या त्या लाल पंजाला दोरा लावीत. रंगाऱ्याला मी उगं व्हय ती भिंत रंगवू दिली नाय?" लाकूड पुढं सरकवत त्या पुढं म्हणाल्या, "म्या म्हनलं बी व्हतं, तिलाच हात पुढं कराय सांगा, माप घ्या, मोकळं व्हा. तर म्हनले, येडी का काय? सुनंचा हात सासऱ्यानं कसा धरावा?"

मी तिथंच बसले, त्या डाव्या मुठी मांडीवर घेऊन. चुलीचा धूर डोळ्यात जात होता, बरं झालं, कुणी काही विचारलं नाही. पट्टीच्या टोकानं दाखवलेलं ते कोपर आठवलं. मी विटाळ समजले होते, तुम्ही मर्यादा पाळत होतात. ज्या घरात सून सासऱ्यांसमोर पदर घेते, तिथं तुम्ही मला बंदूक दिलीत, स्कूटरवर मागं बसवून शहरभर नेलंत, पण हात धरून कोपर सरळ केलं नाहीत. एवढी एकच रेघ तुम्ही ओलांडली नाहीत आणि तिच्याच पायी माप चुकलं. कारण पंजा भिंतीवर थापला की पसरतो, कुंकवाचं पाणी बाजूला फाकतं. मुठीत तोच हात आखडून लहान होतो. तुम्ही दोऱ्यानं मोजलात तो हात माझ्या हातापेक्षा मोठा होता. म्हणून कितीही घासलं तरी तुमचं मन भरत नव्हतं. रेंजवर माझी मूठ बघायचात, इथं येऊन कानस चालवायचात, पुन्हा भिंतीपाशी जायचात.

तेराव्यानंतर मी तो कुंदा रेंजवर घेऊन गेले. रशीदभाईंनी नळी बसवून दिली. गाल टेकवायची जागा माझ्या बाजूला आहे, मामा. डाव्या गालाला सागाचं लाकूड पहिल्यांदा लागलं तेव्हा मला मान वाकडी करावी लागली नाही. बंदूक खांद्यावर आली आणि तिथंच थांबली. मूठ मात्र मोठी आहे. अंगठा खाचेत पोहोचत नाही, थोडा लोंबतो. रशीदभाई म्हणाले, "घिस देऊँ बेटा? पाच मिनट का काम है." मी नाही म्हटलं. कानस तुमचीच आणलीय, आणि घासणार मीच. आता माझ्याही अंगठ्याला फोड येईल.

संशय मात्र सगळा गेला असं समजू नका. तयार कुंदा तुम्ही मोठा म्हणून परत पाठवलात, हे मला पुरतं पटलेलं नाही. तुमचाही मोठाच झालाय की! मला वाटतं, सुनेच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाच्या हातचा कुंदा तुम्हाला नको होता. माझं एक वर्ष तुमच्या त्या हौसेत गेलं आणि ह्याचा मला रागच आहे. तुम्ही असतात तर आज व्हरांड्यात ह्यावरून जुंपली असती. तुम्ही म्हणाला असतात, "तसं वाटतंय तुला?" आणि मी म्हटलं असतं, हो.

घरी आले आणि दार लोटून भिंतीपाशी उभी राहिले. लाल पंजाच्या बोटांच्या टोकांशी पेन्सिलीचे बारीक ठिपके आहेत. इतके दिवस ते मला रंगाऱ्यानं उडवलेले वाटायचे. मी माझा हात त्या पंजावर ठेवून बघितला. सगळ्या बाजूंनी थोडा लाल रंग उरला.

कावळा घाईनं शिवला, मामा. तुमची इच्छा कदाचित झाली असेल पुरी. राहिली ती माझी. भर रेंजवर, सगळ्यांदेखत, पट्टी खिशात ठेवून एकदा नुसतं म्हणायचं होतंत, शीतल, हात दे. मी पदर सारखा केला असता आणि दिला असता. डावाच.